पेसरीला एकच ओळ?
अंग बाहेर येण्यावरच्या (गर्भाशय, मूत्राशय योनीतून खाली उतरण्यावरच्या) नव्या उपचारांचा लेख आवडला, पण पेसरीला, म्हणजे उतरलेल्या अंगाला आधार द्यायला योनीत बसवायच्या साधनाला, त्यात एकच ओळ मिळाली याचं वाईट वाटलं. माझ्या आईने हा त्रास कित्येक वर्षं कुणाला सांगितला नाही. उभ्याने काम करताना मधेच खाली बसायची, आम्हाला वाटायचं कंबर दुखतेय. शेवटी डॉक्टरांनी सिलिकॉनची रिंग बसवली आणि ती स्वतः काढून, धुऊन परत घालायलाही शिकवलं. पहिल्यांदा तिचे हात थरथरत होते. आता दोन मिनिटांत उरकते.

व्यायामाचंही तसंच. नुसतं 'कीगल करा' (योनीभोवतीचे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम) सांगून भागत नाही, बऱ्याच जणी स्नायू वर ओढून घेण्याऐवजी खाली जोर देतात. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट तपासून घ्याच. जुना खोकला, बद्धकोष्ठता असेल तर तेही आधी बघायला हवं.

आणि ऑपरेशन ठरलं तर अंगाला आधार द्यायला आत कृत्रिम जाळी वापरणार का, ती कुठून बसवणार, हे स्पष्ट विचारा. या त्रासासाठी योनीमार्गे बसवायच्या जाळीची विक्री अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१९ मध्ये थांबवायला लावली. पोटातून बसवायची जाळी वेगळी, ती त्या आदेशात नव्हती. लेखात दोन्ही एकत्र आल्यात, तेवढं कृपया दुरुस्त करा.