पथ्य पाळावे, पण चारचौघांत

सांगलीसारख्या गावात, जिथे हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे ताटकळावे लागते आणि मार्केट यार्डात गुळाचे नि बेदाण्याचे सौदे निघतात, तिथे मधुमेहाचे निदान होताच आपण प्रथम घरातील आनंद जप्त करावा. डॉक्टर 'प्रमाणात खा' म्हणतात. परंतु प्रमाणात खाणाऱ्याचे कौतुक कोण करतो? म्हणून 'आजपासून गोड कायमचे बंद' अशी भीष्मप्रतिज्ञा करावी, आणि तीही लग्नाच्या पंगतीत, श्रीखंडाची वाटी समोर आल्यावर, मोठ्याने, म्हणजे शेजाऱ्याचाही घास घशात अडकेल. वाढपी निघून गेल्यावर इन्सुलिनवर थोडे प्रवचन द्यावे.

साखर सुटल्यावर गूळ धरावा. गुळातही मुख्यतः साखरच असते आणि चहाच्या कपात पडणाऱ्या गुळातून मिळणारे लोह नगण्य असते, असल्या रसायनशास्त्राकडे लक्ष देऊ नये; गूळ नैसर्गिक आहे आणि नैसर्गिक पदार्थ स्वादुपिंडाला ओळखू येत नाहीत. तासगावचा बेदाणा सुका मेवा म्हणून मुठीने खावा, कारण द्राक्षातले पाणी उडाले तेव्हा साखरही उडाली असणार. ज्वारीची भाकरी 'चालते' असे कानावर पडताच एकीच्या जागी चार खाव्यात. संकष्टीला तर गणपतीच्या गावात राहून उपवास चुकवणे शोभत नाही, तेव्हा जवळजवळ निव्वळ पिष्ट असलेल्या साबुदाण्याची खिचडी दोनदा घ्यावी आणि दिवसभर काही खाल्ले नाही, असे निःशंक मनाने सांगावे.

रक्त तपासायच्या आधी तीन दिवस कारल्याचा रस पिऊन संन्याशासारखे राहावे. उपाशीपोटीची साखर त्याने सुधारलेली दिसेलही. एचबीएवनसी ही तपासणी मात्र टाळावी, कारण ती मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी चित्रगुप्तासारखी लिहून ठेवते, आणि त्यात रात्री फळीवरचा स्टीलचा डबा उघडताना झाकण वाजू नये म्हणून त्यावर धरलेला पंचाही हिशेबात येतो.

काही लोक सुचवतात की आधी कोशिंबीर आणि उसळ खावी, भात थोडा आणि शेवटी घ्यावा, आणि जेवणानंतर आमराईत पंधरा मिनिटे फिरून यावे. त्याने जेवणानंतरची साखर कमी चढते. त्यांचे ऐकू नये. असे केल्यास होळीला अर्धी पुरणपोळी सर्वांसमोर, तूप लावून, सुनेशी दोन शब्द बोलत खाता येईल, आणि मग घरात तुमचा धाक तो काय उरेल? फिरायला जायचेच असेल तर परतताना भडंगाचा पुडा घ्यावा. तिखट आहे, म्हणजे साखरेचा प्रश्नच नाही.

आता एक किरकोळ बाब. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या चालू असताना जेवण टाळले, तर साखर ७० च्या खाली जाऊन दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, आणि अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ घ्यावी लागते. आपण मात्र घरातून साखर हद्दपार केलेली असल्याने वाटी घेऊन शेजारी जावे. ज्यांना हळदीकुंकवाच्या तिळगुळावरून आपण नुकतेच अर्धा तास सुनावले, त्याच वहिनी दार उघडतील.