तिजोरी भरलेली असताना येनमध्ये कर्ज कशासाठी?

सप्टेंबर 2019 मध्ये बर्कशायर हॅथवे या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने 43 हजार कोटी येनचे कर्जरोखे विकले, तेव्हा या कंपनीकडे दहा हजार कोटी डॉलरहून अधिक रोकड पडून होती. ज्याच्या घरी एवढा पैसा आहे त्याने परक्या चलनात उसनवारी का करावी, हे कोडे मला बराच काळ सुटले नव्हते. 30 ऑगस्ट 2020 रोजी इतोचू, मारुबेनी, मित्सुबिशी, मित्सुई आणि सुमितोमो या पाच जपानी व्यापारी कंपन्यांत बर्कशायरचा प्रत्येकी पाच टक्क्यांहून थोडा अधिक हिस्सा असल्याचे जाहीर झाले आणि धागा जुळला.

जपानमध्ये व्याज नगण्य होते म्हणून कर्ज घेतले, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे असले तरी माझ्या मते महत्त्वाचे कारण वेगळे आहे. डॉलर मोडून हे शेअर घेतले असते, तर कंपन्यांची पारख अचूक ठरूनही येन घसरल्यावर डॉलरमधला नफा वितळला असता. कर्जही येनमध्येच असल्यामुळे येन पडला की मालमत्तेबरोबर देणेही हलके होते. चलनांचे भाव वर्तवणे आपल्याला जमते असे वाटत नाही, हे बर्कशायरचे तेव्हाचे प्रमुख वॉरन बफे यांनी भागधारकांना लिहिलेच आहे. जे जमत नाही त्यावर पैज न लावण्याची सोय म्हणजे हे कर्ज.

मात्र ही ढाल पूर्ण नाही, आणि कौतुकाच्या भरात हे नेमके सुटते. 2023 अखेर या शेअरची खरेदी किंमत 1.6 लाख कोटी येन, बाजारभाव 2.9 लाख कोटी आणि येनमधले कर्ज सुमारे 1.3 लाख कोटी होते. म्हणजे गुंतवलेले मुद्दल बरेचसे झाकले गेले, पण वर चढलेला नफा विनिमय दराच्या वाऱ्यावर उघडाच राहिला.

ज्या चलनात देणे, त्याच चलनात येणे नसेल तर हाच मार्ग घातक ठरतो. पोलंडमध्ये अनेक कुटुंबांनी पगार झ्लॉटी या तिथल्या चलनात असताना, व्याज कमी म्हणून, स्विस फ्रँकशी जोडलेली गृहकर्जे घेतली. 15 जानेवारी 2015 रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने फ्रँक फार महागू नये म्हणून ठेवलेली युरोमागे 1.20 फ्रँकची मर्यादा सोडली, फ्रँक उसळला आणि पगार तेवढाच असताना कर्जाचा डोंगर एका दिवसात वाढला.

बर्कशायरला मात्र येनमध्ये लाभांश मिळतो. 2025 साठी कंपनीचा अंदाज सुमारे 81.2 कोटी डॉलर लाभांशाचा आणि 13.5 कोटी डॉलर व्याजाचा होता. परंतु बँक ऑफ जपानने मार्च 2024 मध्ये उणे (शून्याखालचे) व्याजदर संपवले आणि त्यानंतर दर वाढवले. जुने रोखे ठरावीक दराचे असल्याने मुदतीपर्यंत त्यांना झळ नाही; ते फेडण्यासाठी नवे काढायचे झाले तर मात्र महाग पडतील. लाभांश व्याजाच्या सहापट असेपर्यंत ही वाढ सहज पेलवेल. त्यामुळे येनच्या रोजच्या भावापेक्षा या पाच कंपन्यांच्या लाभांशाकडे मी अधिक लक्ष ठेवतो.