सूड की वारसाहक्क?
हातशेपसुतवरचा तुमचा लेख आवडला, पण प्राचीन इजिप्तची ही स्त्री-फॅरो गेल्या गेल्या तिच्या सावत्र मुलाने, तिसऱ्या थुतमोसने, गादी बळकावल्याच्या सूडापोटी स्मारकांवरची तिची नावं खोडली, हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. ती गेली इ.स.पू. १४५८च्या सुमारास. खोडाखोड सुरू झाली त्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे जवळपास २० वर्षांनी! मगिद्दोच्या लढाईत अरुंद खिंडीतून थेट सैन्य घुसवणारा हा गडी इतकी वर्षं राग गिळून बसेल? मुलगा दुसरा आमेनहोतेप, त्याचा वारसा निर्वेध करायचा असावा, हे जास्त संभवतं.

बाकी तिने पुंतला (तांबड्या समुद्राच्या वाटेने गाठायचा दूरचा देश) पाठवलेल्या मोहिमेवर दोनच ओळी? देर अल-बहरी इथल्या तिच्या मंदिराच्या भिंतींवर गंधरसाची झाडं मुळांसकट टोपल्यांत घालून जहाजांवर चढवताना कोरलीत, पुंतची लठ्ठ राणीसुद्धा आहे. त्यावर स्वतंत्र लेख येऊ द्या.