मोबाइलमुळे जादू संपली, हे खरे नव्हे

"मोबाइलने जादूची कला संपवली" असा एक मजकूर सध्या आमच्या भंडाऱ्याकडच्या गावागावांत फिरतो आहे. व्हिडिओंमुळे गुपिते फुटली, गुरूची गरज उरली नाही आणि आठवडी बाजारातला गारुडी त्यामुळेच दिसेनासा झाला, असे त्याचे म्हणणे आहे. मी तीस वर्षे मंडईत, म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या जत्रेत, आणि शाळांत हातचलाखीचे प्रयोग करतो आहे, म्हणून हे मुकाट्याने सोडून देणे मला पटत नाही.

गारुड्याबद्दलचे विधान तर सरळ चुकीचे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या टोपलीतला साप गेला, आणि १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने रस्त्यावर खेळ दाखवून पैसे मागणेही भीक मागण्यातच धरले. पोलिसांच्या काठीला भिऊन बाजारातून गाशा गुंडाळणारे गारुडी मी मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी पाहिले आहेत.

गुपितांचा मुद्दा अधिक विचार करण्याजोगा आहे, पण गुपिते काही आजच फुटलेली नाहीत. रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रजाने १५८४ साली गोळ्या, नाणी आणि पत्त्यांची हातचलाखी पुस्तकात छापली, आणि तेच खेळ आजही लोकांना चकवतात. गेल्या मंडईत मी रुमाल गायब केला, तेव्हा सातवीतला एक मुलगा ओरडला, "काकाजी, रुमाल अंगठ्यात हाये!" पोकळ नकली अंगठ्यात रुमाल लपवण्याची युक्ती त्याने यूट्यूबवर पाहिली होती आणि त्याचे म्हणणे खरेही होते. मी त्याला जवळ बोलावले, दहाही बोटे ओढून पाहू दिली, आणि रुमाल त्याच्या शेजारी बसलेल्या मित्राच्या टोपीखालून काढला. त्याची सगळी नजर अंगठ्यावर खिळलेली असल्यामुळे माझे काम उलट सोपे झाले.

राहिला गुरूचा प्रश्न. माझ्या लहानपणी पुण्याचे नामवंत जादूगार रघुवीर यांचे नाव आम्ही ऐकून होतो, परंतु खेड्यातल्या पोराला पुणे गाठणे शक्य नव्हते. मी आरशासमोर शिकलो आणि एक खोड लागली: नाणे लपवण्याच्या नेमक्या क्षणी माझे डोळे मिटत, त्यामुळे चूक मला कधी दिसतच नसे. मोबाइलवर स्वतःचे चित्रण पाहिले तेव्हा कुठे ती कळली.

व्हिडिओ सर्व काही शिकवतो, असे मात्र मी म्हणणार नाही. कॅमेरा एकाच बाजूने पाहतो. मंडईत लोक चहूकडून रिंगण धरून बसतात, आणि समोरून निर्दोष दिसणारी मूठ डावीकडे बसलेल्या म्हातारीला आरपार उघडी दिसते. ते माणसांतच शिकावे लागते, आणि त्यासाठीच तो सातवीतला मुलगा आता दर रविवारी माझ्याकडे येतो. युक्ती त्याने आधीच यूट्यूबवर पाहून घोटवलेली असते, तो मला अंगणात आपल्या पाठीमागे उभे करतो, मूठ वळवतो आणि विचारतो, "काकाजी, मांगून दिसते का जी?"