‘पीएमआर म्हणजे फिजिओथेरपीच की!’ या फॉरवर्डला उत्तर

नीट-पीजीचं कौन्सेलिंग सुरू झालं की एक मेसेज हटकून फिरायला लागतो. यंदा तो मला मामेभावाने पाठवला. खाली त्याचा प्रश्न होता, ‘ताई, हे खरंय का? मला सीट लागू शकते.’ मेसेज थोडक्यात असा: पीएमआर म्हणजे एमबीबीएस होऊन तीन वर्षं फिजिओथेरपी. नाइट नाही, इमर्जन्सी नाही, हाताला कसब नाही. पोलिओ गेला, शाखा संपली. उरले अपंगत्वाचे दाखले. बाहेर कुत्रंही विचारत नाही. रँक नसेल तरच घ्या.

पीएमआर म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, एम.डी.ची तीन वर्षांची शाखा. मीही रँक नव्हता म्हणूनच तिच्यात शिरले होते, हे आधीच सांगून टाकते.

पहिला मुद्दा फिजिओथेरपीचा. फिजिओथेरपीला कमी लेखून याचं उत्तर देता येतं, पण ते मला द्यायचं नाही. साडेचार वर्षं शिकून आलेली फिजिओथेरपिस्ट रुग्णाला ज्या हातोटीने खाटेवरून उठवून चालतं करते, त्यातलं निम्मंही मला जमत नाही. माझं काम वेगळं. पक्षाघाताला सहा महिने झालेला माणूस येतो. मूठ घट्ट मिटलेली, नखं तळव्यात रुतलेली, बायको रोज त्यात कापसाचा बोळा घालते. आता ही मूठ ताठरलेली आहे की स्नायू आखडून कायमचे आखूड झालेत? बोटं आधी हळूहळू उघडून बघायची, मग झटक्याने. झटक्याला अडली पण सावकाश सुटली तर तो ताठरपणा, म्हणजे स्पास्टिसिटी. मग बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, द्यायचं का, कुठल्या स्नायूत, किती, सुई बरोबर जागी गेली हे सोनोग्राफीवर बघायचं की ईएमजीवर (स्नायूंतले विजेचे संकेत टिपणारी तपासणी), हे सगळं ठरवायचं. सावकाशही सुटत नसेल तर बोटॉक्स वाया जाणार. तिथे स्प्लिंट, प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया.

आणि प्रत्येक ताठरपणा घालवायचा नसतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण शिकले एका आजोबांकडून. पहिल्या वर्षी ओपीडीत त्यांचा पाय लाकडासारखा कडक लागला म्हणून मी उत्साहाने बॅक्लोफेन, ताठरपणा उतरवणारं औषध, वाढवून दिलं. दोन आठवड्यांपूर्वी काठी टेकत आलेले आजोबा पुढच्या वेळी मुलाने ढकललेल्या व्हीलचेअरवर आले. पाय मऊ झाला होता आणि गुडघा लटपटत होता. मांडीत ताकद नव्हतीच, तो कडकपणाच त्यांना उभं ठेवत होता. डोस उतरवला, आजोबा पुन्हा उभे राहिले. आमच्या लेक्चररबाई मला एवढंच म्हणाल्या, ‘आधी चालायला लावून बघायचं, मग पेन उघडायचं.’

‘नाइट नाही, इमर्जन्सी नाही’ हे वाचून तर हसूच आलं. रात्री अडीच. कोकणातला पंचविशीतला मुलगा, आंब्यावरून पडून मान मोडलेली, हात अर्धवट चालतात, छातीखाली काहीच नाही. सिस्टरांचा फोन आला की त्याचं डोकं फुटायला आलंय. गेले तर चेहरा लालबुंद, कपाळावरून घाम ओघळतोय, बीपी १९०/११०. ज्याचं रोजचं बीपी ९०/६० असतं त्याचं! मी बीपीची गोळी शोधायला लागले. मागून आलेल्या सीनियरने गोळीचं नावही काढलं नाही. खाटेची डोक्याकडची बाजू वर करून त्याला बसवलं, पाय खाली सोडले आणि चादर उचलली. लघवीची पिशवी रिकामी. नळी मांडीखाली मुडपलेली. ती सरळ केल्याबरोबर पिशवी भरायला लागली आणि थोड्याच वेळात बीपी खाली आलं.

याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. मज्जारज्जूची इजा पाठीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल तर तुंबलेलं मूत्राशय, कडक झालेली शी, एवढंच काय, घट्ट बांधलेला पट्टासुद्धा बीपी असं भडकवू शकतो. मेंदूतून येणारा आवरण्याचा निरोप इजेच्या खाली पोचतच नाही. वेळेत कळलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होतो. चादर न उचलता गोळी दिली तर कारण तसंच राहतं. अशा वेळी डोक्यात पहिला प्रश्न ‘नळी कुठे मुडपली?’ हाच यायला हवा. ते वळण पडायला वॉर्डात रात्री काढाव्या लागतात.

हाताला कसब नाही म्हणे. नसांची तपासणी म्हणजे नर्व्ह कंडक्शन, ईएमजी, सांध्यातली इंजेक्शनं, ताठरपणा कमी करायला नसेवर द्यायचे फिनॉलचे ब्लॉक, मूत्राशयाचा दाब मोजणारी युरोडायनॅमिक्स, वाकड्या पावलाच्या तान्ह्या बाळाला दर आठवड्याला घालायचं पॉन्सेटी प्लास्टर. शिवाय सगळ्यात कंटाळवाणी वाटणारी तपासणी: मज्जारज्जूच्या रुग्णाला टाचणी आणि कापूस घेऊन प्रत्येक बाजूच्या २८ ठिकाणी विचारायचं, ‘टोचलं? की नुसतं लागलं?’ आणि दोन्ही बाजूंचे दहा-दहा स्नायू ० ते ५ मध्ये मोजायचे. शेवटची टाचणी गुदद्वाराशी. तिथे जरा जरी जाणीव शिल्लक असली तरी इजा ‘अपूर्ण’ ठरते आणि घरच्यांशी बोलायचे शब्द बदलतात. ही टाचणी लाजेपोटी टाळून कागदावर ‘पूर्ण’ लिहिलेले रुग्ण बाहेरून आमच्याकडे आलेले मी पाहिलेत. (आमच्यात ‘ओटी’ म्हटलं की आधी ऑक्युपेशनल थेरपी आठवते, ऑपरेशन थिएटर नंतर. गैरसमजाचं मूळ तिथेही असेल!) काही संस्थांत पीएमआरचे डॉक्टर शस्त्रक्रियाही करतात. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस १९५४ च्या अपघातात कंबरेखाली लुळ्या झाल्या. त्यानंतर व्हीलचेअरवर बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांच्या शस्त्रक्रिया केल्या, पुढे अमेरिकेत जाऊन ही शाखा शिकल्या आणि १९६६ मध्ये वेल्लोरला पुनर्वसन संस्था उभी राहिली.

पोलिओचं मात्र अर्धं खरं आहे. मुंबईत हाजीअलीला असलेली याच शाखेची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट १९५५ ची, त्या काळात पोलिओची मुलं हे या शाखेचं मोठं काम होतं. नैसर्गिक पोलिओ विषाणूची देशातली शेवटची केस जानेवारी २०११ मधली. पण त्या जुन्या काळात पोलिओ झालेली मुलं आज पन्नाशी-साठीत आहेत आणि त्यातल्या काहींचे उरलेले स्नायूही आता थकायला लागलेत. बाकी आमचा वॉर्ड बघा. हेल्मेट न घातलेली बाइकवरची पोरं, मधुमेहाने पाय गमावलेले, अतिदक्षता विभागाने वाचवलेली कमी दिवसांची बाळं. माणसं वाचायला लागली तशी आमची कामं वाढली. दुसऱ्या महायुद्धाआधी मज्जारज्जू तुटलेला सैनिक बहुधा मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने नाहीतर बेडसोअरने जायचा. १९४४ मध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात अशा सैनिकांची दर दोन तासांनी कूस बदलायला लावली, मूत्राशय सांभाळलं, आणि माणसं जगायला लागली. १९४८ मध्ये तिथे त्यांच्या स्पर्धा भरल्या, त्यांतूनच पुढे पॅरालिम्पिक आलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले आपले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले, ते त्याच स्पर्धांत.

दाखल्यांचं म्हणाल तर तक्रार रास्त आहे. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात, आणि काही ठिकाणी शिकाऊ डॉक्टरचा (रेसिडेंटचा) दाखल्यांच्या बोर्डाचा दिवस निव्वळ टक्के लिहिण्यात जातो. शिक्षण म्हणून ते फार नाही. पण ३८ आणि ४० मधला फरक ज्याच्या घरात नोकरीचा प्रश्न असतो त्याला विचारा, आणि सांध्याचा कोन मोजताना गोनिओमीटर (कोनमापक) कुठे धरला तेही बघा.

बाहेर कुणी विचारत नाही, याला माझ्याकडे टोलेजंग उत्तर नाही. दवाखाना टाकलात तर पहिली दोन वर्षं ‘तुम्ही नक्की कसल्या डॉक्टर?’ यातच जातील. एमबीबीएसच्या मुलांनाच शाखा दिसत नाही. इंटर्नशिपच्या नियमात ऑर्थोपेडिक्स आणि पीएमआर मिळून दोन आठवडे आहेत, त्यातले किती प्लास्टर रूममध्ये जातात हे वेगळं सांगायला नको. जे बघितलंच नाही त्यावर मेसेज लिहिणं सोपं असतं. झटपट पैसा हवा असेल तर तो मेसेज खरा माना, बाकी दुसरं काहीतरी घ्या.

मामेभावाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘मग घेऊ ना?’ म्हटलं, घाई करू नकोस. गुरुवारी सकाळी साडेसातला वॉर्डात ये. ती बॉवेल प्रोग्रॅमची वेळ असते, ज्यांना शौचाची जाणीव उरलेली नाही त्यांना ग्लोव्ह घालून रोज ठरल्या वेळी मोकळं करायचं आणि तेच त्यांच्या घरच्यांना शिकवायचं. नाश्ता करून आलास तरी चालेल. नऊपर्यंत थांबलास तर कँटीनमध्ये बोलू.