टेरोसॉरला डायनोसॉर म्हणणं थांबवूया

डायनोसॉरच्या खेळण्यांच्या पाकिटात लांब चोचीचा, चामड्याच्या पंखांचा एक टेरोसॉर हमखास निघतो. मुलं त्याला 'उडणारा डायनोसॉर' म्हणतात. मोठी माणसंही तेच म्हणतात आणि वर 'यांचेच पुढे पक्षी झाले' असं सांगून मोकळी होतात. दोन्ही चूक, आणि मला ते मनापासून खटकतं. पक्षी आले ते दोन पायांवर धावणाऱ्या डायनोसॉरांमधून. टेरोसॉर ही डायनोसॉरांची चुलत शाखा. ती ६.६ कोटी वर्षांपूर्वी निर्वंश झाली.

निर्वंश झाली म्हणून ती फसली, असं मात्र कुणी समजू नये. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत पंख मारून उडायला सगळ्यात आधी शिकले ते टेरोसॉर, आणि पुढे १५ कोटींहून जास्त वर्षं ते उडत राहिले. टेक्सासमध्ये सापडलेल्या क्वेट्झलकोटलसच्या पंखांचा पसारा तर १० मीटरच्या घरात होता!

तो पंख कसा होता, ते नीट बघण्यासारखं आहे. आपला हात समोर धरा. करंगळीशेजारचं बोट, अनामिका, हातभर लांब झालंय अशी कल्पना करा. त्या एका बोटापासून अंगापर्यंत चामड्याचा पडदा ताणलेला, आत बारीक तंतूंचा आधार. उरलेली तीन बोटं आखूड, नखांची, पुढच्या कडेला मोकळी. करंगळी गायब. वटवाघळानं पडद्यासाठी चार बोटं फाकवली, पक्ष्यानं बोटं आखडून हातावर पिसं लावली. मूळचा हात एकच, पंख तीन तऱ्हांचे.

राज्य मंडळाच्या दहावीच्या उत्क्रांतीच्या धड्यात माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा चर्मपर आणि देवमाशाचा पर शेजारीशेजारी दाखवलेत. माझं म्हणणं, तिथे टेरोसॉरचा पंखही हवा.

'उत्क्रांती झाली, तर मधले दुवे कुठे आहेत?' असं विचारणाऱ्यांना चीनमध्ये सापडलेला डार्विनॉप्टेरस हा टेरोसॉर दाखवावा. डोकं आणि मान नंतरच्या टेरोसॉरांसारखी, शेपूट मात्र आधीच्यांसारखी लांबलचक. म्हणजे आधी डोकं बदललं, बाकीचं अंग मागाहून.

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भागच काढून टाकलाय. २०२३ मध्ये देशभरच्या शास्त्रज्ञांनी त्याविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं, ते योग्यच केलं. तो भाग परत यायलाच हवा, आणि येताना हे जीवाश्म सोबत घेऊन यावा.