एबलस्कीवर म्हणजे गोड आप्पे नव्हेत

परवा फॅमिली ग्रुपवर एबलस्कीवरचा, म्हणजे डेन्मार्कमधल्या ख्रिसमसच्या गोल गोड पदार्थाचा, फोटो टाकला, बिडाच्या पॅनमध्ये सात गोळे छान फुललेले, तर दहा मिनिटांत मावशी, काकू, वहिनी सगळ्यांचं एकच, अगं हे तर आपले आप्पे! प्रेमानेच म्हणाल्या, आणि मी तरी काय, डेन्मार्कला आले त्या पहिल्या हिवाळ्यात दुकानात ते पॅन दिसलं तेव्हा आईच्या आप्पेपात्राच्या आठवणीने तिथेच उभी राहिले होते. पण आता इथे आठ हिवाळे काढल्यावर मला अगदी मनापासून सांगायचंय, की भांडी बहिणी-बहिणी असली तरी आतला पदार्थ वेगळा आहे, आणि तो फरक समजून न घेता करायला गेलात तर सारण बाहेर येणार, बूड करपणार आणि तुम्ही म्हणणार, काही विशेष नाही बाई यात.

आधी नाव घ्या. एबल म्हणजे सफरचंद आणि स्कीवर म्हणजे चकत्या, इतकं सरळ नाव, आणि आज डेन्मार्कमध्ये बहुतेक ठिकाणी जे पुढ्यात येतं त्यात सफरचंदाचा कणसुद्धा नसतो. ॲडव्हेंटचे, म्हणजे ख्रिसमसच्या आधीचे चार, रविवार सुरू झाले की शाळेत, ऑफिसात, ख्रिसमसच्या बाजारात सगळीकडे एबलस्कीवर, प्लेटमध्ये बहुतेक तीन, पिठीसाखर, बाजूला स्ट्रॉबेरी जॅम आणि सोबत ग्लॉग, म्हणजे मसाले घालून गरम केलेली रेड वाइन, तळाशी बेदाणे नि बदाम. बाहेर दुपारी पावणेचारला सूर्य मावळलेला, आत मेणबत्त्या, फार छान वाटतं, खोटं कशाला बोलू. पण ते गोळे बऱ्याचदा फ्रोजन पिशवीतले, ओव्हनमध्ये गरम केलेले, आतून भरीव, पावासारखे. पहिली दोन वर्षं मी तेच खाल्ले आणि मला वाटायचं, जॅम खायला काहीतरी हवं म्हणून करत असतील.

मग शेजारच्या आजींनी एका शनिवारी घरी बोलावलं. त्यांचं पॅन त्यांच्या आईचं, जाडजूड बीड, उचलायला दोन हात लागतात, वाट्या आतून काळ्याभोर आणि गुळगुळीत. गॅसवर दहा मिनिटं नुसतंच तापत ठेवलं होतं. पिठात मैदा, घट्टसर ताक (इथलं ताक आपल्यासारखं पाणीदार नसतं, दही घुसळून थोडंसं सैल केल्यावर होतं तसं), अंड्याचं पिवळं, लिंबाची किसलेली साल, थोडा सोडा, आणि वेलची! डॅनिश आजीच्या ओट्यावर वेलचीचा वास आला आणि मला काय झालं ते शब्दांत नाही सांगता येणार. पांढरं वेगळं फेटून अगदी शेवटी हलक्या हाताने मिसळलं. आणि त्यांच्या हातात काय, तर विणायची लोखंडी सुई.

खरी गंमत इथून पुढे आहे, नीट वाचा. आपण आप्पे करताना पीठ घालतो, झाकण ठेवतो, खालची बाजू झाली की एकदा उलटतो, संपलं. इथे झाकण नाही. पीठ घातल्यावर अर्ध्या-पाऊण मिनिटात कडेला धरतं, मधे अजून पातळच असतं, तेव्हा सुई कडेला अडकवून गोळा फक्त पाव वळवायचा, पूर्ण नाही. खालची शिजलेली वाटी तिरपी उभी राहते आणि मधलं कच्चं पीठ ओघळून खाली तापलेल्या बिडावर जातं, तिथे पुन्हा कड धरते. परत पाव वळवायचा. असं करत करत गोळा जवळजवळ बंद होतो आणि वर एक छोटं तोंड उरतं, आत पोकळी. त्या तोंडातून अर्धा चमचा सारण टाकायचं आणि शेवटचा वळसा द्यायचा की उरलेलं पीठ येऊन तोंड मिटतं. मोदकाची कळी चिमटीत मिटते ना, तसंच, फक्त इथे चिमटीचं काम पीठ स्वतःच करतं. नंतर मंद आचेवर गोल गोल फिरवत राहायचं, सगळीकडून सारखा बदामी रंग येईपर्यंत.

बरेच जण अर्धं पीठ, मग सारण, वर परत पीठ असं करतात, व्हिडिओंमध्येही तेच दाखवतात, आणि मला ते अजिबात पटत नाही. कच्च्या पिठात जड सारण बुडतं, सरळ तळाला जाऊन लोखंडाला टेकतं, आणि साखर एकदा बिडाला लागली की करपलीच. मी स्वतः पहिल्या वेळी तसंच केलं होतं, त्यात गूळ-खोबऱ्याचं सारण, गूळ वितळून वाटीत चिकटला, एकही गोळा अख्खा निघाला नाही आणि पॅन घासून परत तेल लावून तापवत बसायला पूर्ण संध्याकाळ गेली. वळवून केलं की सारणाभोवती आधीच शिजलेली भिंत असते, ते लोखंडाला शिवतच नाही.

आणि म्हणूनच बीड हवं. पातळ नॉनस्टिकवर गार पीठ पडलं की पॅन एकदम निवतं, कड धरेपर्यंत मधलंही घट्ट व्हायला लागतं, मग ओघळायला काही उरत नाही आणि पोकळी होत नाही. बिडाला तापायला वेळ लागतो पण धरलेली उष्णता ते सोडत नाही. पहिला घाणा जरा फिका-गडद होतोच, त्यावर जाऊ नका. चरबी म्हणून इथे लोण्याचा तुकडा टाकतात, मी मात्र साजूक तूपच घालते, लोण्यातला दुधाचा अंश जळून काळे ठिपके येतात, तुपाला तो प्रश्नच नाही. आजींना एकदा करून दाखवलं, आता त्यांच्या फ्रीजशेजारी माझ्या तुपाची बाटली असते.

सारणाबद्दल माझं मत ठाम आहे, सफरचंदच. आंबट जातीचं, बारीक फोडी करून चमचाभर तुपात साखर घालून पाणी आटेपर्यंत परतलेलं, पूर्ण गार केलेलं. कच्च्या फोडी घातल्या तर त्या कडक राहतात आणि पाणी सुटतं. कॅलिफोर्नियात सोल्व्हँग म्हणून गाव आहे, १९११ साली डॅनिश लोकांनी वसवलेलं, तिथे हे वर्षभर मिळतात, वरून रास्पबेरी जॅम. माझी मावसबहीण तिथे खाऊन आली, तिला आवडले, चांगलंच आहे. पण नावात सफरचंद असलेल्या पदार्थात सफरचंद घालायला पंधरा मिनिटं जास्त लागतात, तेवढी त्याला द्यावीत असं मला वाटतं.

ज्यांनी प्रमाण विचारलं त्यांच्यासाठी, २५० ग्रॅम मैदा, ४०० मिली ताक, ३ अंडी, ५० ग्रॅम वितळलेलं लोणी, एक चमचा साखर, एक छोटा चमचा वेलची, अर्धा छोटा चमचा सोडा, चिमूटभर मीठ, अर्धा तास झाकून ठेवायचं, पण अंड्याचं पांढरं मात्र गोळे करायच्या वेळीच फेटून घाला. विणायची सुई बारीक आणि धातूचीच घ्या, प्लॅस्टिकची वितळेल.

आईने काल फोनवर विचारलं, माझ्या पात्रात होतील का गं? होतील, तुझ्या वाट्या उथळ आहेत म्हणून गोळे लहान होतील, सारण पाव चमचाच घाल, आणि आई, प्लीज, सवयीने झाकण ठेवू नकोस.